बुआफनच्या बोटांवरच्या रेषा

बुआफनसारखा सलग रेशमी धागा आमच्या गावात कुणाच्याच हातून निघत नाही. शेजारीण म्हणून हे मी मिरवून सांगते. उकळत्या पाण्यात कोष नाचत असतात, आणि ती बोटांनी त्यांचं टोक अचूक पकडते.

तिचा नवरा थोंगदी दर हंगामाला दूर उत्तरेच्या देशात रानफळं वेचायला जायचा. घर त्याच कमाईवर चालायचं. यंदा त्याचा गुडघा धरला, तेव्हा बुआफन म्हणाली, "मी जाते." पण नवऱ्याचा परवाना बायकोला चालत नाही. ज्याचा त्याला, एकाच मालकाकडचा, एकाच हंगामाचा. फळं संपली की माघारी. आणि निघण्याआधी व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे.

शहरातल्या कचेरीत मी तिच्यासोबत गेले. तिनं काचेवर बोटं ठेवली. पडद्यावर नुसते पांढरे डाग.

"मावशी, बोटं घरी विसरलात का?" खिडकीतला कारकून हसला.

"जन्मापासून हीच आहेत, लेका."

त्यानं तिचे हात उलटे करून पाहिले आणि त्याचं हसू गेलं. गरम पाण्यानं आणि धाग्यानं रेषा पार झिजवल्या होत्या. "हातांना आराम द्या. पाणी नको, काम नको. कातडी भरली की या. पण यंदा जाणाऱ्यांची यादी बंद व्हायच्या आत."

घरी आलो तर कोष तयार. वेळेत उकळले नाहीत तर आतला किडा पतंग होऊन कोष फोडतो. मग सलग धागा निघत नाही. वाळवून ठेवावेत तर आभाळ भरलेलं. सगळ्यांचेच कोष एकदम पिकलेले, कुणाचे हात मोकळे नव्हते. माझेही नव्हते.

बुआफन चुलीपाशी बसलीच. थोंगदीनं लंगडत येऊन पातेलं उचललं.

"हात लावून तर बघ!" तो तिच्यावर ओरडला.

"अहो, सगळं रेशीम जाईल."

"जाऊ दे. तिकडे मध्यरात्रीही उजेड असतो म्हटलं की मला थापाड्या म्हणतेस ना? जा, बघून ये एकदा."

ती उठली. त्या दिवसापासून चिकट भाताचे गोळे वळून तोच तिला भरवू लागला. बायका कुंपणावरून ओरडायच्या, "नवरी कुणाची गं ही?" ती लाजून लाल व्हायची.

मग एका पहाटे तिनं मला हाक मारली. मी गेले आणि दारातच थबकले. एरवी आम्ही बियाण्यापुरतेच, म्हणजे पुढच्या अंड्यांसाठी लागतील तेवढेच पतंग होऊ देतो. इथे कोषांच्या साऱ्या परड्या पतंगांनी पांढऱ्या झाल्या होत्या. कोषाचं तोंड भिजवून एकेक जीव बाहेर येत होता, ओले पंख उघडत होता. त्यांना उडता येत नाही, ते नुसते थरथरतात. पण त्या थरथरीचा आवाज घरभर भरला होता, झाडावर पावसाची भुरभुर व्हावी तसा. आयुष्यभर आम्ही यांना उकळत आलो. मी आपोआप हात जोडले. थोंगदी भिंतीला टेकून उभा होता.

यादी बंद होण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. तोच कारकून होता. बुआफननं श्वास रोखून अंगठा टेकवला. पडद्यावर एक भोवरा उमटला, बारीक वळणांचा, तळ्यात खडा पडावा तसा.

"आला! पुढचं बोट, मावशी."

ती हलेना. "हे माझं आहे?"

"मग काय माझं?"

"इतकं सगळं?" ती हळूच म्हणाली. तिनं दुसरं बोट काचेवर ठेवलं, आणि आम्ही तिघंही पडद्याकडे बघत राहिलो.