डोंगराच्या दोन्ही अंगांची लोकर

लोकर जळते तेव्हा केस जळल्यासारखा वास सुटतो, आणि इर्मा फ्लोरेकोवाच्या नाकाला तो तीन शेतं अलीकडूनच लागायचा. मे महिन्यातल्या त्या सकाळी ती सायकलवरून कामाला निघाली होती. वास आला तशी तिने सायकल वळवली आणि चढण चढून थेट वालेंतच्या मेंढवाड्यावर जाऊन उभी राहिली. वालेंत हा स्लोव्हाकियातल्या सुहीदोल गावचा मुख्य मेंढपाळ. मेंढ्यांची कातरणी नुकतीच आटोपली होती आणि कुंपणाबाहेरच्या खड्ड्यात लोकरीचा ढीग धुमसत होता. लोकर धड पेटत नाही. काळी पडते, आक्रसते आणि दिवसभर घाण धूर सोडत बसते.

"वालेंत, अरे हे काय चालवलंयस?"

"दिसत नाही का मावशी? शेकोटी."

"चांगली लोकर आहे ती!"

"असेल. मी दूध विकतो, चीज विकतो, कोकरं विकतो. लोकर कोण घेतं सांग. शहरात न्यायची म्हटली तर डिझेलचेही पैसे सुटत नाहीत." मग काठीने ढीग उसकटत तो म्हणाला, "तू घेतेस? तूच तर सपाता करतेस लोकरीच्या."

इर्माने ढिगाच्या कडेची न जळलेली लोकर ओढून एका पोत्यात भरायला घेतली.

ओरावा खोऱ्यातल्या कापडगिरणीत तिने एकोणीस वर्षं लोकर निवडण्याचं काम केलं होतं. मूठभर लोकर हातात आली की डोळे मिटून ती मेंढी कुठल्या कुरणावर चरली ते सांगायची, आणि दहांतल्या आठ वेळा बरोबर सांगायची. गिरणी बंद पडली तेव्हा तिच्याबरोबरच्या बायका कुणी ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेल्या, कुणी दुकानांत लागल्या. इर्माने गावातली बंद बालवाडी भाड्याने घेतली, दोन बायका हाताशी घेतल्या आणि लोकर दाबून केलेल्या बुरणुसाच्या सपाता करायला सुरुवात केली. सपाता खपत होत्या. पण त्यांची लोकर यायची समुद्रापलीकडून, धुतलेली, पिंजलेली, प्लॅस्टिकात बांधलेली. कारण इथली लोकर धुवून देणारं जवळपास कुणी उरलंच नव्हतं.

त्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये पोचली ती एक पोतं लोकर कॅरियरला बांधूनच. आठवडाभरात जिल्ह्याच्या गावी जाऊन तिने सरकारच्या लघुउद्योग मदत केंद्राचं दार ठोठावलं.

तिथे ओतिलिया नावाची पस्तिशीची अधिकारी होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पोत्यातली लोकर हुंगून नाक मुरडलं आणि म्हणाली, "इर्माबाई, धुलाईची यंत्रं एकट्या तुमच्या कारखान्याला मिळणार नाहीत. पण युरोपातल्या सहकार्याची एक योजना आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या उद्योगांनी मिळून काम करायचं. बराचसा भार युरोप उचलतं, थोडा आपलं सरकार, थोडा तुम्ही. अट एकच. पोलंडमधला जोडीदार हवा. खरा हवा, नुसता सहीपुरता नको."

"कुणीही चालेल?"

"लोकरीतलं ज्याला कळतं असा कुणीही."

 डोंगरापलीकडे, म्हणजे पोलंडमध्ये, लोकरीतलं कळणारा एकच माणूस इर्माला माहीत होता आणि त्याच्याशी ती सहा वर्षं बोललेली नव्हती.

झेनोन कार्कोश्का पलीकडच्या लिपकी गावात मेंढीची कातडी कमवायचा. त्याच्याकडे मोठे हौद होते, गरम पाण्याची सोय होती, आणि तोंड असं की जत्रेत चार दुकानांपलीकडे ऐकू यावं. सहा वर्षांपूर्वीच्या जत्रेत त्याने गिऱ्हाइकांसमोर इर्माची सपात उलटी करून म्हटलं होतं, "हा तळ एका पावसात हातात येईल." त्यावर इर्मा म्हणाली होती की कार्कोश्कांची कातडी घरात ठेवली तर वेगळं कुत्रं पाळायला नको, वास आपोआप येतो. तेव्हापासून दोघं जत्रेत एकमेकांकडे पाठ करून बसायचे.

ती बस बदलून लिपकीला गेली. झेनोन अंगणात कातडी ताणत होता. त्याने तिला ओळखलं, पण हात थांबवला नाही.

"तळ सुटला वाटतं."

"तळ शाबूत आहे. मी वेगळ्या कामासाठी आलेय. तुमच्याकडे मेंढपाळ लोकरीचं काय करतात?"

"जाळतात, पुरतात. कुणी ओढ्यात टाकतं." आता त्याचा हात थांबला. "का?"

इर्माने पोतं त्याच्यापुढे ओतलं. त्याने उकिडवं बसून एक बट ताणली, कानाजवळ नेऊन तिचा आवाज ऐकला. हे बघून इर्माला आतून बरं वाटलं. लोकर कानाने तपासणारा माणूस तिने गिरणी सुटल्यापासून पाहिला नव्हता.

"गालिच्याला बरी," तो म्हणाला. "सपातेच्या तळाला तर फार बरी. तुम्ही वापरता त्या लोण्यासारख्या मऊ परदेशी लोकरीपेक्षा."

"तेच म्हणायला आलेय. धुलाई तुमच्याकडे, बुरणूस माझ्याकडे."

झेनोनच्या बायकोने दोघांना कोबीचं गरम सूप वाढलं. ते संपेपर्यंत भांडण, सौदा आणि नवऱ्याची कागदपत्रांबद्दलची कुरकुर हे सगळं तिने शांतपणे ऐकलं. शेवटी ती म्हणाली, "सही करून टाका. नाहीतर ह्या बाई रोज येतील, आणि मला रोज जास्तीचं सूप लावावं लागेल."

अर्ज शरदात गेला. मार्चमध्ये नकार आला.

झेनोनने फोनवर एवढंच म्हटलं, "मी सांगितलं नव्हतं?" इर्माने फोन ठेवला, कोट चढवला आणि ओतिलियाचं केंद्र गाठलं. ती रडायला गेली नव्हती की भांडायलाही. तिने नकाराचा कागद टेबलावर सरळ केला.

"कुठे चुकलं ते बोटाने दाखवा."

ओतिलियाने खरोखर बोट ठेवलं. "इथे. तुम्ही पानंच्या पानं सपातांवर लिहिलीत. सपाता दोन्ही देशांत आहेत. त्यात नवीन काय, असं परीक्षकांनी विचारलंय. आणि हे बघा. मेंढीच्या अंगावरची निम्मी लोकर, पोटाची, पायांची, शेणाने माखलेली, धुण्याजोगी नसते, हे तुम्हीच लिहिलंय. मग तिचं काय करणार? त्या रकान्यात तुम्ही लिहिलंत, 'विल्हेवाट लावू.' म्हणजे पुन्हा जाळणारच ना?"

इर्माने तो रकाना पुन्हा वाचला. मग मोठ्याने हसली. "बरोबर आहे. मीही नापास केलं असतं."

परतताना ती घरी न जाता वालेंतच्या मेंढवाड्यावर गेली. एका वर्षी पावसामुळे जळण पेटलं नव्हतं, तेव्हा त्याने घाण लोकर कुंपणाच्या कडेला तशीच टाकून दिली होती. त्या जागी आता जुन्या वाळलेल्या गवताचा पुरुषभर उंच दाट पट्टा उभा होता. बाजूचं सगळं गवत मात्र गुडघ्याएवढंच. तिने काठीने माती उकरली. खाली अर्धवट कुजलेली लोकर होती, आणि माती ओली, काळी, भुसभुशीत.

"झेनोन," तिने दुसऱ्या दिवशी फोन केला, "तुमच्या मेहुण्याचं ते लाकडाच्या भुशाच्या गोळ्या करायचं दाबयंत्र अजून चालतं का?"

"चालतं. का?"

"आपल्याला लोकरीच्या गोळ्या करायच्यात. खत म्हणून."

पलीकडून उत्तर आलं, "मेहुणा मला घराबाहेर काढेल."

मेहुण्याने जवळजवळ काढलंच. पहिल्या दिवशी लोकर यंत्राच्या दातांत अशी गुंडाळली गेली की ती काढायला संध्याकाळ झाली, आणि ओल्या मेंढीचा वास शेजारच्या चर्चपर्यंत गेला. दुसऱ्यांदा त्यांनी आधी लोकर बारीक कापून घेतली, उन्हात कडक वाळवली आणि मग घातली. यंत्रातून बोटाच्या पेराएवढ्या करड्या गोळ्या पडायला लागल्या. मेहुण्याने एक उचलून चावून बघितली. "खाऊ नका," तो गंभीरपणे म्हणाला.

मेच्या सुरुवातीला सुहीदोलमध्ये बटाट्याच्या सहा सरींत गोळ्या घातल्या, सहा तशाच ठेवल्या. लिपकीतही तसंच केलं. आणि त्या उन्हाळ्यात पाऊस जूनमध्ये जो गेला तो ऑगस्टअखेर परत आला. गावात सगळ्यांची बटाट्याची झाडं माना टाकायला लागली. गोळ्यांच्या सरी हिरव्या राहिल्या. लोक कुंपणाशी थांबून बघायला लागले. वालेंतही आला.

"मावशी, चोरून पाणी घालतेस ना?"

"उकरून बघ."

त्याने उकरलं. गोळी फुगून अंगठ्याएवढी झाली होती आणि दाबली तर पाणी सुटत होतं.  त्या शरदातल्या कातरणीची लोकर वालेंतने पोत्यांत भरून छपराखाली ठेवली.

दुसरा अर्ज इर्माने त्याच उन्हाळ्यात नव्याने लिहिला. सपातांना अर्धं पान दिलं, बाकी सगळं लोकरीबद्दल. दोन्ही बाजूंच्या सतरा मेंढवाड्यांत काय जळतं, त्यातलं धुवून किती वापरता येईल, उरलेल्याचं खत कसं होईल. सप्टेंबरात तपासणीला दोन माणसं आली. एक राजधानीतली बाई आणि युरोपच्या योजनेकडून आलेले स्लोव्हेनियाचे एक उंच गृहस्थ, त्यांचे बूट स्वच्छ.

झेनोनही सकाळीच डोंगर ओलांडून आला होता, चांगला कोट घालून. तो बालवाडीच्या दारात शिरला तशी सपाता शिवणारी बोझेना ओरडली, "इर्मा, तुझा फ्रायर आला गं!"

डोंगराच्या अलीकडे फ्रायर म्हणजे प्रियकर आणि पलीकडे फ्रायर म्हणजे कुणीही गंडवावं असा भोळा. झेनोनने टोपी काढली. "कुठल्या भाषेत म्हणालीस ते आधी सांग, म्हणजे कुठल्या गोष्टीचा राग धरायचा ते ठरवतो."

बायका हसून हसून बेजार झाल्या. राजधानीच्या बाईंनी स्लोव्हेनियन गृहस्थांना विनोद समजावून सांगितला आणि तेही हसले. पण शेतात गेल्यावर त्यांचा चेहरा कामाचा झाला. त्यांनी स्वतः कुदळ मागितली, स्वच्छ बुटांनी सरीत उतरले आणि दोन्ही प्रकारच्या सरींतली चार-चार झाडं उकरली. बटाटे शेजारी शेजारी मांडले, तर गोळ्यांच्या सरींतले उघडउघड मोठे होते. सांगण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"एक प्रश्न," ते म्हणाले. "उद्या तुमच्यातल्या एकाने हे सोडून दिलं तर?"

इर्मा झेनोनकडे बघून म्हणाली, "ह्यांनी सोडलं तर माझी लोकर धुवायला कुणी नाही. मी सोडलं तर ह्यांच्याकडे धुतलेल्या लोकरीचा डोंगर होईल. आम्हाला एकमेकांची फार गोडी आहे असं नाही, साहेब. पण गरज पक्की आहे."

"थोडी गोडीही आहे," झेनोन म्हणाला. "लिहून घेऊ नका."

डिसेंबरात मंजुरी आली. तरी यंत्रं बसायला आणखी सव्वा वर्ष गेलं. धुण्याचं तेलकट पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून दोनदा टाक्या बदलाव्या लागल्या, एका सहीसाठी दोन्ही देशांतले अधिकारी महिनाभर एकमेकांची वाट बघत बसले, आणि इर्माने त्या काळात इतक्या फायली जपल्या की बालवाडीतलं मुलांचं खेळण्यांचं कपाट भरून गेलं. पण एकदाही तिला वाटलं नाही की हे होणार नाही. कधी होणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो प्रश्न घेऊन ती दर पंधरवड्याला ओतिलियासमोर जाऊन बसत होती.

आता ती साठीला आली आहे. बालवाडीत सात बायका काम करतात. त्यांतल्या दोघी ऑस्ट्रियाहून परत आलेल्या. गोळ्यांना वसंतात मागणी एवढी असते की सपाता मागे पडतात. ओतिलिया नव्या अर्जदारांना घेऊन येते आणि इर्मा त्यांना मंजुरीच्या आधी नकाराचा कागद दाखवते. "हा नीट वाचा," ती सांगते. "मला जे काही कळलं ते ह्याच्यामुळे."

यंदाच्या मेमध्ये कातरणी झाल्यावर वालेंतचा ट्रॅक्टर पोत्यांनी भरून आला. मागून झेनोनची गाडी. तो उतरायच्या आधीच खिडकीतून बोलायला लागला होता. मधमाश्यांच्या पेट्यांना थंडीत लोकरीचं अस्तर लावायचं, त्याच्या पुतणीने एक करून बघितलंय, माश्या हिवाळाभर टिकल्या, आता नवा अर्ज...

"झेनोन," इर्मा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून म्हणाली, "ही वरच्या कुरणाची आहे, ही खालच्या. वालेंतने दोन्ही एकत्र केल्यात. आधी त्या वेगळ्या करू. मग माश्यांचं सांग."

"तू ऐकणार असशील तरच."

"ऐकणार. पण हात चालू ठेव."

त्याने कोट काढून कुंपणावर टाकला आणि बाह्या सरसावून पोत्याच्या दुसऱ्या बाजूला बसला.