भोंग्याचा नकार

डेपोत त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. सगळे त्याला भोंगा म्हणत. गेटवर उभं राहून त्याने एक घोषणा दिली, की पार मागे वर्कशॉपच्या खड्ड्यात बसखाली आडवा पडलेला मेकॅनिकसुद्धा पडल्या पडल्या 'विजय असो' म्हणायचा. युनियनचं नाव काढलं की बदली व्हायची, अशा काळात ह्या ड्रायव्हरने एकेकाच्या घरी जाऊन माणसं जोडली होती. त्यापायी निलंबित होऊन तो घरीही बसला होता. त्यामुळे डेपोतली युनियन म्हणजे आपलंच कडेवर वाढवलेलं पोर, असं त्याला वाटायचं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

कंडक्टरबाई त्याच्याच बसवर नवीन लागली, तेव्हा तिचा आवाज तिसऱ्या सीटपलीकडे जात नसे. थांब्याचं नाव ती म्हणायची आणि ते मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुढून भोंगा ओरडायचा. प्रवासी हसायचे. तिला युनियनच्या सभेला ओढून आणलं तेही त्यानेच. पहिल्या सभेत ती दाराजवळ पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

पुढे काय झालं कुणास ठाऊक. तिने कामगार कायदा वाचायला घेतला, सभेत प्रश्न विचारायला लागली आणि बघता बघता सगळ्या डेपोची ताई झाली. तिच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा 'ताई, ताई' करत मागे फिरू लागले. आवाज मात्र होता तेवढाच राहिला. भोंग्याला नेमकं तेच सलायचं. त्याला स्वतःचं ऐकवायला घसा फोडावा लागे. ती तोंड उघडायची आणि तिचं ऐकू यावं म्हणून लोक गप्प बसायचे.

अशातच नवीन वेळापत्रक लागलं. शेवटच्या थांब्यावर दोन फेऱ्यांच्या मध्ये जी विश्रांती असायची, ती त्यात नव्हतीच. बस पोचली की वळवायची आणि सुटायचं. ड्रायव्हरच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा. बायकांची तर पंचाईत विचारू नका, कारण त्या थांब्यावर ना मोरी ना आडोसा. बायका ड्यूटीवर निघताना पाणी पिणंच टाळू लागल्या. वेळापत्रक लावण्यापूर्वी युनियनला कुणी विचारलंही नव्हतं. पण आता युनियनला मान्यता होती, कामगारांनी मतदान करून ती निवडलेली होती. तिच्याशी बोलणी करणं व्यवस्थापनाला भाग होतं. युनियनने संपाची नोटीस दिली आणि बोलण्यांसाठी समिती निवडायला कँटीनमध्ये सभा भरली.

भोंगा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आपलं नाव कोण सुचवतो, इकडे त्याचं लक्ष होतं. कुणीतरी मागून म्हणालं, "बोलायला ताईच हव्यात!" आणि कँटीनभर टाळ्या पडल्या. त्याचं नाव निघायच्या आतच सगळं ठरून गेलं होतं.

"काका माझ्याशेजारी बसतील," कंडक्टरबाई म्हणाली.

शेजारी! भोंग्यानेही टाळ्या वाजवल्या, पण तो शब्द त्याच्या डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं सभेत?"

"काय व्हायचंय? तिलाच निवडली."

"बरं झालं. किती नीट बोलते ती! त्या दिवशी गेटवर ऐकलं मी. उगाच आरडाओरडा नाही, काही नाही."

"म्हणजे आम्ही आरडाओरडा करतो?"

"तुमचं कुठे नाव घेतलं मी?" बायको म्हणाली आणि कणीक मळायला लागली. भोंग्याने बूट काढून असा भिरकावला, की तो पलंगाखाली पार भिंतीला जाऊन लागला. मग त्यालाच ओणवं होऊन तो काढावा लागला.

त्या दिवसापासून त्याला तिचं सगळंच खुपायला लागलं. तिचं हसणं, तिचं तिकीट फाडणं, म्हाताऱ्यांना हात देऊन चढवणं. आरशात ती दिसू नये म्हणून त्याने आतला आरसा जरासा वळवूनही पाहिला, पण मग मागचं दार दिसेना.

हा जळफळाट डेपो मॅनेजरच्या नजरेतून सुटला नाही. एक दिवस त्याने भोंग्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये भोंगा फक्त उभाच राहिला होता.

"खरं सांगू काका?" मॅनेजर म्हणाला, "आम्ही युनियन म्हणजे तुम्हाला ओळखतो. ती बाई काल आली."

"तसं काही नाही साहेब," भोंगा म्हणाला, पण कान टवकारलेलेच होते.

"तुमच्या मागे माणसं आहेत. वेगळी युनियन काढलीत तर मी तुमच्याशी बोलेन. संप-बिंप कशाला? सामोपचाराने मिटवू. मिटवलं कुणी? तुम्ही!"

ह्यातला डाव कळायला भोंगा काही दूधखुळा नव्हता. युनियन फुटली की मान्यता जाणार, मान्यता गेली की बोलणीही जाणार. दुसऱ्या कुणी त्याला हे सांगितलं असतं तर त्याने त्याची गचांडी धरली असती. पण ते शेवटचं 'तुम्ही' फार गोड लागलं.

"बघू," तो म्हणाला.

नंतरही तो केबिनमध्ये चहाला गेला. दर वेळी 'बघू'च म्हणाला. मॅनेजरने मात्र त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि वरपर्यंत कळवूनही टाकलं.

बोलणी मुख्य कार्यालयातल्या लांबलचक टेबलावर झाली. एका बाजूला मोठे साहेब, मॅनेजर आणि वकील. दुसऱ्या बाजूला कंडक्टरबाई, तिच्या शेजारी भोंगा आणि समितीतले आणखी काही जण. सकाळ कुणाचं म्हणणं आधी ऐकायचं ह्यातच गेली. दुपारनंतर मोठे साहेब म्हणाले, "शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह बांधून देऊ. विश्रांतीही देऊ, पण गर्दी पाहून. कधी आणि किती, ते कंट्रोलर ठरवील."

कंडक्टरबाई भोंग्याकडे झुकून पुटपुटली, "काका, स्वच्छतागृह तर मिळतंय. बायकांचे हाल थांबतील. हे घेऊ या का? विश्रांतीचं पुन्हा भांडू."

भोंग्याच्या डोळ्यांपुढे लगेच डेपोचं पटांगण उभं राहिलं. ती बाहेर जाणार, 'मिळालं' म्हणणार, लोक तिला डोक्यावर घेऊन नाचणार. आपण शेजारी उभे.

समोरून मॅनेजर गालात हसत म्हणाला, "काकांना विचारा की. काका समजूतदार आहेत."

"नाही," भोंगा म्हणाला.

"काय नाही?"

"हे मान्य नाही."

"अहो, पण कारण?"

कारण त्याच्याकडे नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि गेटवरच्या आवाजात गरजला, "कारण-बिरण काही नाही! मान्य नाही म्हणजे नाही!"

बाहेरच्या शिपायाने दार उघडून आत डोकावून पाहिलं.

आता ती आपल्याला खाली बसवणार, असं भोंग्याला वाटलं. बसवलं असतं तर तो तिथेच फुटून निघाला असता. पण कंडक्टरबाईने पेनाला टोपण लावलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आमच्यातल्या एकाला मान्य नसेल तर आम्हाला कुणालाच मान्य नाही. संपाची नोटीस कायम आहे."

मॅनेजरचं तोंड पडलं. भोंगा आपल्या खिशात आहे, वेळ आली की अर्धा डेपो संपातून बाहेर काढू, असा शब्द त्याने साहेबांना दिलेला होता. आणि तोच भोंगा सगळ्यांत आधी नाही म्हणाला होता! मोठ्या साहेबांनी मॅनेजरकडे एक नजर टाकली आणि त्याला बाहेर घेऊन गेले. काचेपलीकडे साहेबांचं बोट त्याच्या नाकासमोर नाचताना सगळ्यांना दिसत होतं.

ते परत आले तेव्हा सूर बदललेला होता. विश्रांती वेळापत्रकातच धरली जाईल, स्वच्छतागृह होईल आणि ह्यापुढे युनियनशी बोलल्याशिवाय वेळापत्रकाला हात लावला जाणार नाही. तसा करार झाला.

पटांगणात लोकांनी कंडक्टरबाईला घेरलं. ती एका बसच्या पायरीवर चढली आणि म्हणाली, "मी मघाशीच हो म्हणणार होते. काका नाही म्हणाले, म्हणून एवढं मिळालं." मग काय, लोकांनी भोंग्यालाच खांद्यावर घेतलं. इतकी वर्षं तो ह्याच क्षणाची वाट पाहत होता. वर बसल्या बसल्या त्याला एवढंच जाणवत होतं, की हा मानसुद्धा तिनेच आपल्या पानात वाढलाय.

कराराप्रमाणे सुधारलेलं वेळापत्रक सुरू झाल्यावर पहिल्यांदा शेवटच्या थांब्यावर बस रिकामी करून दोघं बसले होते. कंडक्टरबाईने थर्मासमधला चहा त्याच्यापुढे केला.

"तुम्ही केबिनमध्ये जायचात, ते मला माहीत होतं," ती म्हणाली.

भोंग्याने कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही बाहेर आलात की माझ्याशी जास्तच गोड बोलायचात."

"मग टेबलावर कशाला घेतलंस मला?"

"बाहेर ठेवलं असतं तर राहिला असतात आमच्यात?"

हिला आपल्या पोटातलंही आपल्या आधी कळतं, ह्या विचाराने तो नव्याने जळला. चहा मात्र त्याने सगळा प्यायला.

पुढे सगळ्या डेपोंची मिळून एक प्रतिनिधी निवडायचा ठरला तेव्हा लोकांनी तिलाच धाडलं आणि डेपोच्या समितीचं प्रमुखपद भोंग्याकडे आलं. बायकोने शेजारीपाजारी सांगितलं. रात्री जेवताना ती म्हणाली, "झालात की हो शेवटी प्रमुख!"

"झालो," भोंगा घास चावत म्हणाला, "तिने खुर्ची सोडली म्हणून."

"आता तरी तिचं नाव सोडा!"

"मी कुठे घेतलं नाव?" तो म्हणाला, आणि बायकोला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला.