रुमालाखालचं शहर

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी इलियासने साताऱ्यातल्या एका रेकॉर्डिंगवाल्याला २,७५० रुपये दिले. ठरले होते साडेतीन हजार. त्याची मुलगी मिस्बाह काचेआड उभी राहून स्वतःची कविता म्हणत होती आणि इलियास बाहेरच्या बाकावर हेडफोन लावून ऐकत होता.

इलियास सांगलीत भाऊसो अडत्यांच्या दुकानात हळदीचे सौदे जुळवी. बाजारात उघडे लिलाव कधीच सुरू झाले होते, पण भाऊसोंच्या दुकानात बड्या गिऱ्हाइकाशी भाव अजून रुमालाखालीच ठरे. हातावर रुमाल टाकायचा, समोरच्याची जितकी बोटे धरली तितका एकेक आकडा, तोंडातून चकार शब्द नाही. मिस्बाह लहान असल्यापासून इलियास संध्याकाळी घरी आला की तिचा हात ओढणीखाली घेई, त्या दिवसाचा भाव तिच्या बोटांवर दाबी आणि विचारी, "सांग, किती?" ती बी.ए. झाली तरी हा खेळ सुटला नव्हता.

कविता नदीकाठच्या एका पिवळ्या शहराची होती. तिथला राजा रुमाल घेऊन दारोदार फिरतो आणि लोकांचे आवाज विकत घेतो. शेजाऱ्याला किती मिळाले ते कुणालाच कळत नाही. जो तो समजतो, आपल्यालाच जास्त मिळाले. मग नदी चढते. पाणी ज्याला आधी दिसते, त्याला ओरडता येत नाही. "एक बोट, मग चार, मग पाच," मिस्बाह कुजबुजत होती, "एवढ्याला गेला माझ्या आईचा आवाज."

मिस्बाहने कविता आपल्या चॅनेलवर टाकली आणि आठवड्याभरात ती मोबाइलवरून सगळ्या पेठेत फिरली. भाऊसोंनी इलियासला आत बोलावले.

"ही तुझीच पोरगी न्हवं? लय गोड आवाज हाय."

"व्हय, मालक."

"एक, चार, पाच. साडेचौदा हजार. कृष्णातची हळद आपण लोणंदच्या पार्टीला कितीला दिली रं?"

हळद क्विंटलला साडेचौदा हजारानेच गेली होती. कृष्णात शेतकऱ्याच्या चिठ्ठीवर मात्र तेरा हजार दोनशे लिहिले होते. आणि त्या संध्याकाळी सवयीने त्याने खरा भाव मुलीच्या बोटांवर दाबला होता. कुणाच्या मालाचा, हे तिने विचारले नव्हते.

"पोरीची कल्पना हाय, मालक. राजा-बिजा."

"राजा कोण हाय ते शेंबड्या पोराला कळंल. कृष्णात काल माझ्याकडं बघून नुस्ता हसला. उद्या आकडा इचारंल." भाऊसोंनी खांद्यावरचा रुमाल काढला. "हात आण."

रुमालाखाली त्यांनी इलियासची दोन बोटे धरली.

"दोन हजार. दर म्हैन्याला, पगाराच्या वर. कविता आज निघाली पायजे. पटत नसंल तर हात काढ, आन् उद्यापास्नं येऊ नकोस."

सौदा नको असला की हात ओढून घ्यायचा, एवढाच तिथला रिवाज. सत्तावन्नाव्या वर्षी दुसरे कोणते दुकान आपल्याला दारात उभे करणार, हा हिशेब इलियासने केला. हात रुमालाखालीच राहिला.

घरी त्याने मिस्बाहला कविता काढायला सांगितली. तिने कारण विचारले नाही.

"कितीला, अब्बा?"

"काय कितीला?"

"कविता तुमच्याच बोटांची आहे. भाव तरी सांगा."

त्याने नेहमीसारखा तिच्या हाताकडे हात नेला. तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले. मग एका हाताने मोबाइल उचलून तिने त्याच्यासमोर कविता पुसून टाकली आणि भाकरी थापणाऱ्या आईजवळ जाऊन बसली. त्यानंतर तिने काही लिहिले असेल, तर घरात कुणाला ऐकवले नाही. तो खेळही त्या दिवशी बंद पडला.

एप्रिलमध्ये कृष्णात उरलेली हळद घेऊन आला. भाऊसो गादीवरून उठल्याचे बघून तो इलियासच्या कानाशी वाकला.

"आवं इलियासभाई, मागचा खरा भाव तरी सांगा की. तुमची पोरगी सांगती, तुमी न्हाई व्हय?"

"चिठ्ठीवर हाय तोच," इलियास म्हणाला.

कृष्णातने पोती उतरवली.

साताऱ्याच्या रेकॉर्डिंगवाल्याचे ७५० रुपये द्यायचे राहिले आहेत.