दारावरून गेलेली फांदी

संग्रहालयातले पेंटरकाका मूळचे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. तरुणपणी एकदा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दालनाचं काम मिळालं आणि माणूस तिथेच रमला. दाराच्या डावीकडच्या भिंतीवर त्यांनी एक झाड काढलं. त्याच्या फांद्यांवर पाली, सरडे, सापसुरळ्या, घोरपडी. उजवीकडे दुसरं झाड, नुसत्या सापांचं. त्यातला अजगर म्हणजे काकांचा जीव की प्राण. त्याच्या अंगावरची नक्षी जमेपर्यंत यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, असं त्यांची बायको अजूनही सांगते.

एका सकाळी दालनाच्या नव्या प्रमुख बाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "काका, झाडं दोन नकोत, एकच हवं. साप म्हणजे सरड्यांच्याच कुळातली एक शाखा."

"म्हणजे माझं चुकलं?"

"तुमचं कसं चुकेल? तेव्हा सगळे तसंच मांडायचे. आता कळलंय, घोरपड पालीपेक्षा सापाला जास्त जवळची."

काका घरी जाऊन तोंड पाडून बसले. बायकोने खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "अजगर पुसावा लागणार गं."

"पुसा म्हणाल्या का बाई?"

"तसं नाही म्हणाल्या."

"मग आधीच काय हातपाय गाळून बसलात? विचारा की!"

दुसऱ्या दिवशी काकांनी चाचरत विचारलं. बाई हसल्या. "अजगराला हात तर लावून बघा! त्याला फक्त त्याच्या भाऊबंदांपर्यंत पोचवा."

पण मध्ये होतं दार. काका बराच वेळ डोकं खाजवत उभे राहिले, मग त्यांनी शिडी लावली. उजवीकडचं खोड तेवढं खरवडून काढलं. घोरपडीजवळून एक फांदी फोडली, चौकटीवरून वळवली आणि थेट सापांपर्यंत नेली. मान आखडली, पण हात असा सैल सुटला की काका चक्क शीळ घालू लागले.

काम संपलं तेव्हा त्यांनी बायकोला बोलावलं. ती डावीकडेच अडकली. "अहो, हा साप इकडे सरड्यांत कसा घुसला?"

"डोळे बघ. पापण्या आहेत ना? सापाला नसतात. हा बिनपायांचा सरडा, मुद्दाम नवा काढलाय."

"म्हणजे पाय नाहीत तरी हा साप नाही, आणि साप मात्र सरड्यांच्यातलाच! यांच्यापेक्षा माझ्या माहेरची नाती सोपी हो."

काका खो खो हसले. मग तिला हाताला धरून दारावरच्या फांदीखालून पलीकडे, अजगराकडे घेऊन गेले.