माझी नखं, नानांची नखं

दातांच्या डॉक्टरांनी आरसा माझ्या हातात दिला आणि समोरच्या दाताची कड दाखवली. बारीकसा टवका उडाला होता. सुपारी खाता का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग त्यांची नजर आरसा धरलेल्या माझ्या बोटांकडे गेली आणि त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. तेव्हा माझी चाळिशी उलटलेली होती. धुळ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकलला पिपेटच्या तोंडावर बोट ठेवून दाखवताना दहा-बारा मुलं त्या बोटाकडे टक लावून बघत असतात. बोटाच्या टोकाला मांस वर आलेलं आणि नख त्यात रुतलेलं. ते मुलांना किती वर्षं दिसत होतं, याचा विचार मी त्या खुर्चीत पडल्या पडल्या पहिल्यांदा केला.

नखं खायची सवय सोडायला आधी मी कडुनिंबाचा रस लावून पाहिला. थोड्याच दिवसांत तो कडूपणा आवडायला लागला. शेवटी बोटांच्या टोकांना कागदी चिकटपट्टी गुंडाळली. पेपर तपासताना हात तोंडाकडे जायचा, दाताला पट्टी लागायची आणि आपण काय करतोय ते कळायचं. मला नवल वाटलं ते याचं, की तोवर मला खरंच कळत नव्हतं. हात कधी उठला, कुठल्या विचाराशी उठला, काही पत्ता नसायचा.

पट्ट्या काढल्या तेव्हा नखांना पांढरी कड आली होती. माझ्या नखांचा आकार असा आहे हे मला माहीतच नव्हतं. पण ती नखं म्हणजे नुसता देखावा होता. हिरवा हरभरा सोलायला घेतला की मुडपायची. ओढणीत अडकायची. टोकाशी कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटायचे आणि एक थर ओढला की अर्धं नख सोलून निघायचं. सोडलं तर वाढेल, एवढंच मी धरून चालले होते. वाढलेलं टिकणार नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई मूळच्या शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यातल्या, घरात अहिराणीच बोलतात. एका दुपारी भाजी निवडताना त्यांनी माझा हात धरला आणि उजेडाकडे वळवला.

"तुना नखं आते दखातस," त्या म्हणाल्या, "पन कितला पातळ शेतस."

नखं आता दिसतात, पण किती पातळ आहेत. आता दिसतात, म्हणजे आधी दिसत नव्हती हे त्यांनी पाहिलेलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. का, असं विचारलं तर म्हणाल्या की आपल्या माणसाच्या हाताकडे बोट दाखवायचं नसतं. मग उठल्या आणि खोबरेलाची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली.

मी त्वचेच्या डॉक्टरबाईंकडेही गेले. त्यांनी भिंगातून नखं पाहिली आणि मी विद्यार्थ्यांना सांगते तसं सोपं करून सांगितलं. नख मुळाशी तयार होतं. बाहेर दिसतं ते तयार झालेलं, त्याला खाऊ-पिऊ घालून काही होत नाही, ते फक्त जपायचं. वर्षानुवर्षं लाळेत भिजून आणि वाळून ते ठिसूळ झालं होतं, त्यात आता साबणाच्या पाण्याची भर. भांडी घासताना आणि प्रयोगशाळेत हातमोजे घालायचे. हात धुतले की नखांना आणि भोवतीच्या कातडीला तेल नाहीतर व्हॅसलिन चोळायचं. वाढवायची हौस तूर्त ठेवायची नाही, आखूड कापायची आणि कानस एकाच दिशेने फिरवायची. मेडिकलमध्ये नखांच्या गोळ्या मिळतात त्यांचं विचारलं, तर त्यांनी मान हलवली आणि त्याऐवजी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. नवीन नख मुळापासून टोकापर्यंत यायला बरेच महिने लागतील, तोवर धीर धरा, असं म्हणाल्या.

याच दिवसांत मी माहेरी गेले. माहेर रावेरच्या बाजूला, घरची केळी. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि शेती पूर्णपणे भावाच्या हातात गेली होती. मी फाटकातून आत आले तेव्हा नाना ओसरीवर खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक त्यांच्या दातांत होतं. मान किंचित तिरकी आणि नजर लांब कुठेतरी. मी तिथेच थांबले. आपण स्वतःला कधी बाहेरून पाहत नाही. मी त्या क्षणी पाहिलं.

आयुष्यभरात नानांना असं करताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, ऑपरेशननंतर सुरू झालं, दिवसभर तेच चालतं, ओरडून ओरडून थकले. जवळच्या गावात राहणारी आत्या भेटायला आली होती. तिने मात्र वेगळंच सांगितलं. लहानपणी नाना बोटं रक्त येईपर्यंत खायचे. आजोबांनी मारून पाहिलं, मिरची चोळून पाहिली. शाळा सोडून केळीत कामाला लागले आणि मग कधी थांबलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कसं थांबलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाबरोबर बागेत गेले. तो केळीच्या बुडाशी आलेली पिलं कापत होता. कापलेल्या जागी पाण्यासारखा चीक जमत होता. हाच चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. नानांचे सगळे सदरे तसेच होते, आणि बोटंही कायम काळपट. मी बोट चिकात बुडवलं आणि जिभेला लावलं. जीभ अशी आखडली की मला धड बोलता येईना. कडुनिंब त्यापुढे काहीच नाही. भाऊ विळा हातात तसाच धरून बघत राहिला आणि काय करतेस म्हणाला. मी म्हटलं, प्रयोग.

बाग कापणीची असो की लावणीची, नानांच्या हातांवर तो चीक वर्षाचे बाराही महिने असायचा. पन्नासेक वर्षं त्यांचा हात तोंडापर्यंत गेलाच नसेल. किंवा एकदा गेला असेल आणि परत आला असेल. सवय सुटली नव्हती, अडून राहिली होती. आता हात स्वच्छ झाले होते.

दुपारी जेवणानंतर मी त्यांच्याजवळ बसले आणि सरळच विचारलं. नानांनी हात उपरण्याखाली घेतला, थेट मी दाताच्या दवाखान्यात चोरला असता तसाच.

"हाताले काम नाही राह्यलं," मग म्हणाले.

मी माझी बोटं त्यांच्यापुढे धरली. ही दोन महिन्यांपूर्वी कशी होती ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक बोट चिमटीत धरून, केळीचं पान रोगासाठी तपासावं तसं, वर-खाली करून पाहिलं. माझ्या लहानपणी नखं खाते म्हणून आई मला रागवायची, तेव्हा ते मधे पडायचे, ते का, हे मला आत्ता कळत होतं. त्यांनाही बहुतेक तेच आठवत असावं.

"मंग तू कसं सोडलं?" त्यांनी विचारलं.

मी चिकटपट्टीचं सांगितलं. त्यांनी आईला हाक मारून ऑपरेशनच्या वेळची उरलेली पट्टी आणायला लावली.

त्याच मुक्कामात घरात भाच्याच्या लग्नाची गडबड होती. आम्हा बायकांच्या हातांना मेंदी लागली. मेंदी हातावरून गेली तरी नखावर राहते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण माझ्या आजवरच्या नखांवर ती कधी नीट बसलीच नव्हती. काही आठवड्यांनी पाहिलं तर मुळाशी फिकट चंद्रकोर उगवली होती आणि केशरी रंग वर सरकला होता. त्या रेघेच्या खालचं नख माझं नवीन, तेल आणि लोहाच्या गोळ्यांनंतरचं. वरचं जुनं, पापुद्रे सुटणारं. मी फोटो काढून भावाच्या मोबाइलवर नानांसाठी पाठवला.

रविवारी व्हिडिओ कॉलवर नानांचा अंगठा दिसला, केशरी. त्यांनी आईकडून उरलेली मेंदी दोन्ही अंगठ्यांवर लावून घेतली होती. आई मागून सांगत होती की गावात लोक विचारतात, म्हातारपणी हे काय. नाना ऐकत नव्हते. त्यांना फक्त पाहायचं होतं, आजपासून कुणाचं नख जास्त वाढतं.

माझं जास्त वाढलं. त्यांना ते मान्य होतं, वय झालं म्हणाले. पण त्यांचा उजवा अंगठा डाव्याच्या थोडा पुढे होता आणि ते त्यांना पटत नव्हतं. दोन्हींना एकच तेल, एकच माणूस, मग फरक का? मी डॉक्टरबाईंना विचारलं. ज्या हाताने जास्त काम करतो त्याची नखं जराशी लवकर वाढतात, असं त्यांनी सांगितलं. मी ते कळवलं तेव्हा नाना उजवा अंगठा कॅमेऱ्यापासून बाजूला नेऊन स्वतःच पाहत बसले. पुढच्या आठवड्यापासून भाऊ त्यांना मोटारसायकलवर बागेत नेऊन सोडायला लागला. खुर्चीत बसून ते केळीचे घड बांधायच्या दोऱ्या कापून ठेवतात.

डाव्या करंगळीचं नख मात्र ते अजून खातात. विचारलं तर म्हणतात, एक ठेवलंय.

माझी नखं आता हरभरा सोलतात. उजव्या मधल्या बोटावर एक उभी रेघ राहिली आहे, ती बहुधा जाणार नाही. डॉक्टरबाई म्हणतात, मुळाला कधी लागलं असेल.

मला एकच गोष्ट उलगडत नाही. नानांचं पाहून मी शिकले नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं. मग हे आलं कुठून? आजोबांना ही सवय नव्हती, असं आत्याने सांगितलं. राहिली आजी. ती नाना सात-आठ वर्षांचे असतानाच गेली, आणि ते तिच्याबद्दल कधीच बोलत नाहीत. मागच्या खेपेला मी धीर करून विचारलं, की तिची नखं कशी होती, आठवतं का.

नाना हातातली दोरी ओढत राहिले.

"लांब व्हते," ते म्हणाले. "राती पाठ खाजवून देई ती माही. नखं लागत. बरं वाटे."

मग त्यांनी ती दोरी कापली आणि पुढची घेतली.