पलटीवाल्या बाई

"पोट आत, श्वास बाहेर." बाईंचं बोलणं इथून सुरू व्हायचं. राम राम नंतर. भाजीच्या गाड्यापाशी वाकलेली कुणी दिसली, तरी आधी हे सांगायच्या आणि मग मेथीचा भाव विचारायच्या.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून त्या पुण्याहून वसमतला आल्या. गावात मोबाईल नुकते वाजायला लागले होते. त्या शिकवायच्या त्या व्यायामाचं नाव पिलाटीस. गल्लीतल्या बायांनी पहिल्याच दिवशी त्याचं पलटी करून टाकलं. "आमी पलटीला चाललो," म्हणत सतरंज्या काखेत मारून निघायच्या.

पलटी! तुम्हीच सांगा, तालमीत जन्म घालवलेल्या माणसाला काय वाटावं? गावाला पलटी शिकवणारा वस्ताद मी. लचकलेली कंबर, निखळलेला खांदा, सगळं माझ्याच दारात यायचं. गेलो बघायला. बाया उताण्या पडून, गुडघे वर करून गुमान श्वास सोडून राहिल्या होत्या.

"ही कुस्ती व्हय?" मी दारातूनच विचारलं.

"हो. स्वतःच्या पोटाशी," बाई म्हणाल्या.

बाया खदखदा हसल्या. त्यांत माझी बायकोही होती.

माझ्या तालमीत सगळ्यांना जोर-बैठका सारख्या. बाईंचं तसं नव्हतं. बाळंतिणीला वेगळं, गुडघे गेलेल्या म्हातारीला खुर्चीवर बसून, दिवसभर वाकणाऱ्या शिंप्याला खांदे मागं घेऊन छाती उघडायचं. एकीला चक्कर यायची, तिला आधी डॉक्टरकडं धाडलं. "सदरा मापानंच शिवतात ना, वस्ताद?" म्हणायच्या. माझ्याकडं येणारी माणसं त्यांच्याकडं गेली, आणि बरी होऊन मला ओळख देईनात.

तेही चाललं असतं. पण हळद निवडून निवडून आमच्या मंडळीची कंबर गेलेली. खाली बसली की उठायला माझा हात लागायचा. हाक मारायची नाही, नुसता हात वर करायची. एक दिवस आपली आपण उठली.

"काहून? हात नको का?"

"पोट आत घेतलं की उठता येतं. तुमाला काय ठाऊक!"

माझा पट काढून मला चीत करणाऱ्याचाही एवढा राग मला कधी आला नाही.

मग मीच गेलो. म्हटलं, "सगळ्यात अवघड असंल ते दाखवा."

बाईंनी उताणं निजवलं, मणक्याचा जुना मार विचारला. "तुम्हाला सध्या एवढंच. पडून श्वास घ्या."

"नुसता श्वास? तो तर मी जन्मापासून घेऊन राहिलो."

"अर्धाच घेता."

बाया हसतील म्हणून बघितलं. कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

पुढं बाईंच्या नवऱ्याची परत बदली झाली. जाताना बाई घरी आल्या, तेव्हा मी मुद्दाम तालमीत बसून राहिलो. आपली सतरंजी त्या मंडळीला देऊन गेल्या. त्या शिकवायच्या त्या खोलीत आता बी-बियाण्याचं दुकान आहे.

सकाळी मंडळी त्या सतरंजीवर, मी घोंगडीवर. "पोट आत, श्वास बाहेर," ती बाईंसारखं पुणेरी बोलते. मी सोडतो, पुरा. आधी मी उठून बसतो. ती उठायला लागली की माझा हात अजून आपोआप पुढं होतो. ती आपली आपण उठते, चुलीकडं जाते, आणि येऊन त्याच हातात चहाचा कप ठेवते.