मामाचा आहेर
आलेला पैसा परत जाऊ शकतो हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळलं. भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान चालवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, तरी हे ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे लग्नात नवरीला भांडी मामाने द्यायची. त्या उन्हाळ्यात एक मामा आला आणि पाण्याचा गुंड, परात, भाजीचा गंज, समई असं भरभरून घेतलं. भाचीचं नाव प्रत्येक भांड्यावर ठोकून घेतलं. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, मोबाइलवरून थेट खात्यात टाका, कार्डावर बँक माझे पैसे कापते. पण ऐकेल तो मामा कसला! "कार्डावर पॉइंट भेटतात न ताई," म्हणाला. त्या पॉइंटांचं काय लोणचं घालणार होता कोण जाणे. मी मशीन पुढे केलं. बिल त्याच्या नावाचं झालं आणि भांडी रिवाजाप्रमाणे थेट करडीला, नवरीच्या घरी गेली. उतरवून घेताना सही नवरीच्या वडिलांनी केली.

लग्न झालं, पाऊस लागला, धानाच्या रोवण्या सुरू झाल्या. एक दिवस पाहते तर माझ्या खात्यातून त्या मामाच्या बिलाएवढी रक्कम गायब. मी धावतच बँकेत गेले. तिथल्या मुलीने सांगितलं, कार्डवाल्याने तक्रार केली आहे, त्याला माल मिळालाच नाही. मी सहीचा कागद दाखवला. "ही सही त्यांची नाही ना," ती म्हणाली. मी भर बँकेत आवाज चढवला, पण उपयोग शून्य.

मामाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मी खोटं काय बोललो? सामान मले भेटलं का? भाचीले भेटलं. भर मांडवात साऱ्यायचा मान केला, माह्या खांद्यावर साधा दुपट्टा नाही टाकला. मंग मी काहून देऊ?"

खोटं तर तो खरंच बोलला नव्हता! दुपट्ट्याचा राग त्याने माझ्या दुकानावर काढला होता.

मी तडक करडी गाठली. नवरीचे वडील धानाच्या बांधीत गेले होते. घरी नवरीची आई होती, म्हणजे त्या मामाची सख्खी बहीण. मी संतापाने सगळं ओकले आणि म्हटलं, भांडी तरी द्या नाहीतर पैसे. ती भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं, आता भावाला शिव्या घालेल.

"ताई, भांडे नोका मागू. पोरगी सासरी तोंड कसं दाखवन?" ती म्हणाली. "अन् यायले, पोरीच्या बापाले, सांगू नोका. ऐकलं त भावाले उंबऱ्यात पाय नाही ठेवू देनार. मायबाप गेले, माहं माहेर तेवढंच हाय."

तिने मोबाइल काढला. दुधाचे पैसे तिच्या खात्यात साठले होते, म्हशीच्या वेतावेताचे. माझा नंबर विचारून तिने सगळी रक्कम पाठवली. मग घाबरून विचारलं, "हे त वापस नाही न जात?"

"नाही," मी म्हटलं. "हे गेले की गेले."

"बरं झालं," ती म्हणाली.

पैसे मिळाले म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लाज वाटली आणि त्या माणसाची चीड आली. मी उठणार तोच तिने माझ्यासमोरच भावाला फोन लावला. आता ऐकवते बघ त्याला, असं मनात आलं.

"दादा," ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तू देल्लेले भांडे पोरीच्या सासरी साऱ्यायले लय आवडले. सारे म्हनत होते, मामा असावा त असा. राखीले येजो बरं."